प्रेसनोट बाजूला ठेवा, रजिस्टर उघडा

(मेळघाटातल्या धारणी इथं तालुक्याचे पत्रकार आणि संस्थांचे कार्यकर्ते यांच्या शिबिरात झालेलं भाषण, थोडं आवरून)

मागच्या भाऊंनी पुढं या बरं, पंख्याचा आवाज लय आहे अन् माइकचं काही खरं नाही.

सत्कार नको नको म्हणता अर्धा तास गेलाच. उद्या पेपरात तेवढंच येईल, "मान्यवरांच्या उपस्थितीत कार्यशाळा संपन्न". ती बातमी संस्थेतल्या कोण्या ताईनं काल रात्रीच टाइप करून ठेवली असेल आणि इथला एखादा भाऊ ती व्हॉट्सअ‍ॅपवरून जशीच्या तशी डेस्कला पाठवेल. हसता काहून? असंच चालतं ना. संस्थेवाल्यांकडं गावागावातल्या माहितीचे गठ्ठे पडले आहेत पण ते पाठवतात काय तर दीपप्रज्वलनाचा फोटो, आणि पत्रकाराला बातमीचा वास येतो पण त्याच्याजवळ कागद नसतो, मग तो कोणाच्या तरी "सूत्रांनी सांगितलं"वर गाडी ढकलतो.

आता ही पट्टी बघा, हातोहात मागं जाऊ द्या. अंगणवाडीताईजवळ असते, दंडाचा घेर मोजायची. सहा महिने ते पाच वर्षांचं लेकरू, साडेअकरा सेंटीमीटरच्या खाली गेलं की लाल म्हणजे तीव्र कुपोषित, साडेअकरा ते साडेबारा पिवळं म्हणजे मध्यम कुपोषित, वर हिरवं म्हणजे ठीक. एवढी साधी गोष्ट, पण कुपोषणावर लिहिणाऱ्या किती जणांनी ही हातात धरली आहे? १९९३ साली मेळघाटातले बालमृत्यू राज्यभर गाजले, तेव्हापासून दर पावसाळ्यात "मेळघाटात मृत्यूचे थैमान" हे हेडिंग ठरलेलं, आणि मग प्रशासनाचा खुलासा येतो की आकडा घटला. दोघंही पुढच्या पावसाळ्यापर्यंत मोकळे.

आकडा घटला म्हणतात तेव्हा मी म्हणतो छेद दाखवा. शाळेत अंश-छेद शिकलो ना आपण, तोच. बालमृत्यू दर हजार जिवंत जन्मांमागं काढतात, मातामृत्यू एक लाख जिवंत जन्मांमागं, हे दोन्ही एकाच वाक्यात कालवले की बातमीचा चिवडा होतो. आणि इथं तर छेदच पाय लावून निघून जातो. दिवाळी झाली की इथली कोरकू आदिवासी कुटुंबं लेकराबाळांसकट कामाला बाहेर जातात, होळीला परत येतात. अंगणवाडीच्या रजिस्टरात त्या महिन्यांच्या रकान्यात वजनाऐवजी काय असतं? "स्थलांतरित". ते लेकरू तिकडं वीटभट्टीवर लाल झालं की पिवळं हे इकडच्या रजिस्टरात नाही, आणि तिकडच्या अंगणवाडीत तर त्याचं नावच नाही. माझ्या मते बातमी तिथं आहे बाप्पा, त्या "स्थलांतरित" शब्दाच्या मागं. होळीनंतर परत आलेल्या लेकरांची पट्टी परत लावली का, एवढं एक विचारलं तरी पुष्कळ.

गडचिरोलीत डॉक्टर अभय आणि राणी बंग यांनी दुसरं काय केलं? गावोगाव जन्म किती, मृत्यू किती हे नीट मोजलं, गावातल्याच बायांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं, आणि अर्भकमृत्यू कमी होतात हे १९९९ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून दाखवलं. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी जाते, दवाखान्यात बाळंतपण झालं तर ४२ दिवसांत ६ वेळा, घरी झालं तर ७ वेळा, त्याचं मूळ त्या कामात आहे. म्हणून बाळ दगावल्याची बातमी करताना डॉक्टर हजर होता का हे विचाराच, पण आशाच्या किती भेटी झाल्या, तिला त्या भेटींचे पैसे मिळाले का, हेही विचारा.

सिकलसेलचं, म्हणजे आईबापाकडून लेकरात येणाऱ्या त्या रक्ताच्या आजाराचं, तर आपण पारच वाटोळं करतो. तपासणी शिबिर झालं की "अमुक गावात इतके सिकलसेलग्रस्त", आणि त्यात एएस आणि एसएस एकाच टोपलीत. एएस म्हणजे वाहक, तो सहसा ठणठणीत असतो, एसएस तो रुग्ण. नवराबायको दोघंही वाहक असतील तर प्रत्येक वेळी बाळ एसएस व्हायची शक्यता २५ टक्के, एवढंच. पण पेपरात गावाचं नाव छापून आलं की त्या गावच्या पोरींची सोयरीक जुळेना होते, पोरांची जुळते बरं का, पोरींचीच अडते.

यवतमाळकडचे भाऊ दिसताहेत, त्यांच्यासाठी. शेतकरी आत्महत्येच्या बातमीत कसं केलं ते लिहू नका, एकच कारण हेडिंगमध्ये ठोकू नका, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर टाका, हे सगळं तुम्हाला सांगून झालं आहे, पाळत कोणीच नाही ही वेगळी गोष्ट. पण त्यानंतरचं कोण लिहिणार? घरच्यांना मिळणाऱ्या एक लाखाच्या सरकारी मदतीला पात्र की अपात्र हे जिल्ह्याची समिती ठरवते, ती कागद बघते, सातबारा बघते. आता वावरात जन्मभर राबलेल्या बाईचं नाव सातबाऱ्यावर नसतंच, मग ती गेली तर शेतकरी म्हणून मोजायची कशी? एकल महिलांसोबत काम करणाऱ्या संस्थांच्या फायलीत असे अर्ज पडून आहेत. त्यांनी ते पत्रकाराला दाखवावे, बाईला विचारून, नाव झाकून.

फोटोचं एकदाच सांगतो. हाडं दिसणाऱ्या लेकराचा फोटो एका पेपरनं पहिल्या पानावर छापला, आईला कोणी विचारलं नव्हतं. ती माय नंतर किती दिवस बाजाराला आली नाही. बक्षीस फोटोवाल्याला मिळालं.

शाळेचं थोडक्यात. पटसंख्या २० च्या खाली, शाळा बंद होणार, हे सगळेच लिहितात. सरकारच्या मानव विकास कार्यक्रमाची निळी बस शाळेत जाणाऱ्या पोरींसाठी आहे, ती येते हेही लिहितात. ती शाळा सुटायच्या वेळेला येते का? नसेल येत तर सातवीनंतर कोणती पोरगी घरी बसली, हाजेरीपट काढा.

आता तुम्ही म्हणाल, भाऊ, बोलणं सोपं आहे, आम्हाला मानधन नाही, जाहिरातीच्या कमिशनवर घर चालतं, १५ ऑगस्टला सरपंचाची जाहिरात घ्यायची आणि १६ ला त्याच्याच विरोधात लिहायचं? खरं आहे, याला माझ्याजवळ गोळी नाही. पण कागद हातात असला की भांडण तुमचं राहत नाही, कागदाचं होतं. माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपयांत होतो, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं, आणि अर्ज संस्थेच्या कार्यकर्त्यानं टाकला तरी चालतो, तुमचं नाव यायची गरज नाही. संस्थांनी मात्र पाकीट देऊ नये. चहा पाजा, जीपमध्ये जागा द्या, आणि स्वतःच्या प्रकल्पात काय फसलं तेही सांगा, नाहीतर तो तुमच्यावर विश्वास काहून ठेवेल?

जेवणानंतर जोड्या करायच्या, एक पत्रकार, एक संस्थेवाला, दोघं एकाच पेपरचे किंवा एकाच संस्थेचे नकोत. गाडी दोनला निघेल. अंगणवाडीताईंना निरोप गेला आहे, त्या रजिस्टर काढून ठेवणार आहेत. आधी त्यांचं मानधन किती महिन्यांचं थकलं आहे ते ऐकून घ्या, मग रकाने बघा. मोबाईल खिशात.