तिसऱ्या दिवशीचा ग्लास

[दृश्य: स्वयंपाकघर. फ्रिजचं दार उघडतं. इडलीच्या पिठाचा डबा, कोथिंबिरीची जुडी, ताकाचं पातेलं. त्याच्या शेजारी तपकिरी काचेची एक लिटरची बाटली. तिच्यावर मार्करने लिहिलंय: शुक्रवार, संध्याकाळी 7.]

आमच्या आईचा ताकाचा नियम सोपा आहे. पहिल्या दिवशी प्यायला, दुसऱ्या दिवशी कढीला, तिसऱ्या दिवशी कढीपत्त्याला. म्हणजे कुंडीतल्या झाडाला. आंबट ताक घातलं की कढीपत्ता कसा तरारतो, हे आमच्या सोसायटीत कुणालाही विचारा.

शेजारच्या बाटलीसाठी मात्र घरात कुणाकडेच नियम नाही. तिच्यात ड्राफ्ट बिअर आहे, ब्रुअरीच्या नळावरून भरून आणलेली. आईचं दोनदा विचारून झालंय, "अरे, ही किती दिवस राहणार आहे?" राहणार म्हणजे टिकणार की मुक्काम ठोकणार, ते तिने सांगितलं नाही. दुकानातल्या बिअरवर सहा महिन्यांची मुदत छापलेली असते. हिच्यावर माझ्या अक्षरातला वार आणि वेळ, बस.

[शीर्षक. मग ब्रुअरी: स्टीलच्या टाक्या, काचेपलीकडे.]

पुण्याला ही बिअर नवी नाही. 2009 मध्ये इथे डूलाली ही ब्रुअरी सुरू झाली आणि समोरच्या टाकीत तयार झालेली बिअर समोरच्याच नळातून पिण्याची चटक शहराला लागली. नावावरून आठवलं म्हणून सांगतो. डूलाली म्हणजे आपलं नाशिकजवळचं देवळाली. नोकरी संपलेले गोरे शिपाई तिथल्या छावणीत मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट बघत पडून असायचे. जहाजं सुटायची नोव्हेंबर ते मार्च एवढ्याच काळात. त्याआधी पोचलात तर बसा महिनोन्‌महिने माशा मारत. अशात कुणाचं डोकं फिरलं की त्याला 'डूलाली टॅप' झाला म्हणायचे. त्यातला टॅप म्हणजे नळ नव्हे बरं का, आपला ताप.

नळाची बिअर नळापाशीच प्यायची, असा अनेक वर्षं रिवाज होता. 2020 च्या टाळेबंदीत तो मोडला. टाक्या भरलेल्या, टेबलं रिकामी. बिअर ओतून देण्याची पाळी आली, तेव्हा राज्य सरकारने ती ग्राउलरमध्ये, म्हणजे आमच्या फ्रिजमधल्यासारख्या झाकणाच्या बाटलीत, भरून घरी न्यायला परवानगी दिली.

[दृश्य: जुन्या पद्धतीची पत्र्याची किटली.]

ग्राउलर हा अमेरिकन शब्द. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तिथली पोरं कोपऱ्यावरच्या गुत्त्यातून बापासाठी पत्र्याच्या किटलीत बिअर घेऊन यायची. आपण दुधाची किटली घेऊन जायचो, तसंच. घर दोन मिनिटांवर, बिअर जेवणाआधी खल्लास. टिकवण्याचा प्रश्न येतोय कुठे? तो आला काचेच्या बाटलीबरोबर. 1989 मध्ये वायोमिंगमधल्या ऑटो ब्रदर्स या लहानशा ब्रुअरीने अर्ध्या गॅलनच्या, म्हणजे जवळपास 1.9 लिटरच्या काचेच्या बाटल्यांत बिअर भरून द्यायला सुरुवात केली. तिला घट्ट झाकण होतं. आणि झाकण दिसलं की माणसाला वाटतं, आता उरलं तरी चालेल.

[दृश्य: अगदी जवळून. नळाला जोडलेली लांब नळी बाटलीच्या तळाला टेकते.]

आमची बाटली भरली गेली ती अशी. आधी नळीतून नुसता कार्बन डायऑक्साइड सोडला. तो हवेपेक्षा जड, त्यामुळे तळापासून हवेला वर ढकलत गेला. मग बिअर, तीही तळापासून. गळ्याशी फेस आला, कडेवरून ओघळला, भरणाऱ्याच्या बोटांवर आला, आणि त्या ओघळत्या फेसावरच त्याने झाकण फिरवलं. मला वाटलं, गडी घाईत आहे.

"घाई नाही, फेस पाहिजेच," तो म्हणाला. "गळ्यात फेस आहे तोवर तिथे हवा नाही."

मी तीन बाटल्या घेतल्या. गव्हाची बिअर, न गाळलेली, केळ्यासारख्या वासाची. पैसे देताना त्याने बजावलं, "डिकीत ठेवून शहरभर फिरू नका." 4 अंशांना बिअरमध्ये जेवढा वायू विरघळून राहतो, त्याच्या निम्माही 30 अंशांना राहू बघत नाही. बाहेर पडायला बघतो, आणि बाटलीतला दाब वाढत जातो. उन्हात उभ्या गाडीत तर 30 वर भागत नाही. काच फुटण्याइतपत मजल जाऊ शकते. तेव्हा बर्फाचा डबा, आणि सरळ घर.

[दृश्य: शनिवार संध्याकाळ. झाकण फिरतं. आवाज: फस्स्.]

हा आवाज ऐकून ठेवा. पुन्हा इतका जोरात येणार नाही.

पहिला ग्लास ओतला. दोन बोटं फेस, पांढरा, दाट. बुडबुडे काचेच्या तळातून ओळीने वर येतायत. वास केळ्याचा, मागे किंचित लवंगेचा. मावसभाऊ आला होता, त्याला दुसरा ग्लास दिला. अर्धी बाटली संपली. मी झाकण घट्ट लावून बाटली फ्रिजमध्ये ठेवली आणि सगळं ठीक आहे असं समजून चाललो.

ठीक नव्हतं. थोडा हिशेब करू, फार नाही.

[दृश्य: कागद, पेन्सिल, अर्धी भरलेली बाटली.]

अशा बिअरमध्ये तिच्या आकारमानाच्या साधारण अडीच पट कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो. म्हणजे एक लिटर बिअरमध्ये अडीच लिटर वायू. आता बाटलीत अर्धा लिटर बिअर आणि वर अर्धा लिटर रिकामी जागा. ती रिकामी जागा बिअरमधला वायू ओढून घेते. वर आणि खाली तोल साधेपर्यंत वायू वर जात राहतो. फ्रिजच्या थंडीत हा तोल कुठे साधतो? अडीच पटीवरची बिअर सुमारे दीड पटीवर येते तिथे. झाकण घट्ट होतं, एक थेंब सांडला नाही, तरी बुडबुड्यांचा चाळीस टक्के ऐवज रातोरात वरच्या पोकळीत गेला. दुसऱ्या दिवशी झाकण उघडलं की जो फस्स् आवाज येतो, तो हाच ऐवज निघून जाण्याचा. आपण मात्र खूश, की चला, गॅस आहे अजून.

रविवारी मी तिसरा ग्लास काढला. आता पाव लिटर बिअर आणि पाऊण लिटर पोकळी. पुन्हा तोच खेळ. सोमवारपर्यंत उरलेली बिअर दीडवरून अर्ध्या पटीवर. अर्ध्या पटीला जिभेला काही टोचत नाही.

म्हणून "उघडल्यावर किती दिवस?" या प्रश्नाचं उत्तर दिवसांत द्यायला माझा जरा विरोध आहे. किती ओतली, ते आधी सांगा. लिटरभरातून एक घोट घेऊन झाकण लावलेली बाटली दुसऱ्या दिवशी चांगली निघेल. तळाशी ग्लासभर उरलेली त्याच फ्रिजमध्ये, त्याच झाकणाखाली रात्रीतून बसेल. तरी आकडा हवाच असेल तर एक दिवस, फार तर दीड.

[दृश्य: रविवारचा ग्लास, पहिल्याच्या फोटोशेजारी. फेस पातळ, कडेला चिकटलेला.]

रविवारचा ग्लास वाईट नव्हता, हेही सांगायला हवं. इंग्लंडच्या पबमध्ये पिंपातली जी एल नावाची जुन्या वळणाची बिअर मिळते, तिच्यात वायू याहूनही कमी असतो आणि लोक ती आवडीने पितात. पिंपाला भोक पाडून हवा आत घेतात, बिअर खालून काढतात. पण पबवाल्याला पक्कं ठाऊक असतं की पिंप उघडलं की तीन दिवसांत संपवायचं. तो पिंपाचा आकारच गिऱ्हाईक पाहून ठरवतो. आपण एक लिटर की दोन लिटर, हे घरी माणसं किती आहेत ते न बघता ठरवतो.

तीन दिवसांची घाई कशाला? नुसते बुडबुडे गेले असते तर चाललं असतं. पण वायू गेला त्या जागी हवा आली, आणि हवेत प्राणवायू. अर्धा लिटर हवेत जवळपास दीडशे मिलिग्रॅम प्राणवायू असतो. बाटल्या भरणाऱ्या कारखान्यांत लिटरमागे एका मिलिग्रॅमचा दहावा भाग प्राणवायू आत गेला तरी जास्त समजतात. आपण झाकण फिरवून त्याच्या हजारपटीहून अधिक आत कोंडतो आणि वर म्हणतो, घट्ट लावलंय हं.

हा प्राणवायू आधी सुगंध खातो. केळं जातं, हॉप्सचा, म्हणजे बिअरला कडवटपणा आणि वास देणाऱ्या फुलांचा, मोसंबीसारखा ताजेपणा जातो. मग एक कुबटपणा येतो. बिअरवाले त्याला पुठ्ठ्याचा वास म्हणतात. पावसाळ्यात माळ्यावर ठेवलेला मिक्सरचा खोका उघडल्यावर नाकाला जे लागतं, ते. तो आणणारा मुख्य पदार्थ इतका तीव्र असतो की लिटरमागे मायक्रोग्रॅमच्या दहाव्या भागालाही नाकाला पत्ता लागतो. न गाळलेल्या बिअरमधलं जिवंत यीस्ट थोडा प्राणवायू गिळून टाकतं, पण फ्रिजमध्ये तेही गारठलेलं. ते किती पुरं पडणार?

[दृश्य: गॅलरी. काचेचा ग्लास उन्हात.]

उजेडाचं लवकर उरकतो. हॉप्स जास्त असलेल्या बिअरचा एक ग्लास मी मुद्दाम पंधरा मिनिटं उन्हात ठेवला. वास आला रबर जळल्यासारखा, उग्र. उजेडाने हॉप्समधली कडू द्रव्यं मोडतात आणि गंधकाचं एक संयुग तयार होतं. तपकिरी काच त्या उजेडाचा बराचसा भाग अडवते, म्हणून ग्राउलर तपकिरी. पारदर्शक बाटली दिसायला छान, पण ती शोकेसला.

[दृश्य: फ्रिज. दुसरी बाटली, झाकण न उघडलेली.]

दुसरी बाटली मी हात न लावता पुढच्या गुरुवारपर्यंत ठेवली. सहाव्या दिवशी उघडली. आवाज चांगला, फेस चांगला, बुडबुडे जागेवर. केळं मात्र मागच्या बाकावर जाऊन बसलेलं. नळावर भरलेली बाटली बंद ठेवली तर पाच ते सात दिवस धड राहते. तीन दिवसांत प्याल तर ब्रुअरीतल्यासारखी लागेल. म्हणजे घड्याळ बाटली उघडल्यावर सुरू होत नाही, भरल्यावर होतं. मार्कर जवळ ठेवा तो त्यासाठी.

तिसऱ्या बाटलीवर एक युक्ती केली. उघडल्याबरोबर, ग्लास भरायच्या आधी, त्यातली अर्धी सोड्याच्या अर्ध्या लिटरच्या प्लास्टिकच्या बाटलीत हळूहळू, बाटली तिरकी धरून ओतली. गळ्यापर्यंत. मग बाटली दाबली, फेस तोंडाशी आला, तिथेच झाकण. पोकळी जवळपास शून्य. ओतताना थोडा वायू गेलाच, पण दुसऱ्या दिवशी ती बाटली फ्रिजमधल्या अर्ध्या ग्राउलरपेक्षा कितीतरी जिवंत निघाली. मात्र आधी उरलेली अर्धी बाटली नुसती दाबून ठेवण्यात अर्थ नाही. वायू आतून रेटा देतो, बाटली पुन्हा फुगते, पोकळी तयार. गॅस टिकेल म्हणून बाटलीच्या तोंडात चमचा उलटा घालून ठेवणारेही भेटतात. त्यांना नमस्कार.

परदेशात घरगुती पाच लिटरची पिंपं मिळतात. त्यांतल्या ज्यांच्या पोटात वायूची स्वतःची नळकांडी असते, ती उघडल्यावर तीस दिवस टिकतात, कारण बिअर काढली की तिच्या जागी हवेऐवजी वायूच येतो. हाताच्या पंपाने हवा भरायचं पिंप मात्र त्याच रात्री संपवावं. दोन्ही पिंपं सारखीच दिसतात. आत काय जातं, तेवढाच फरक.

[दृश्य: सोमवार. पहिल्या बाटलीतला शेवटचा ग्लास. झाकण उघडतं. आवाज नाही.]

फेस नाही. ग्लासच्या कडेने चारदोन बुडबुडे, आळसावलेले. रंग थोडा गडद झालाय का? की मलाच तसं वाटतंय? वास घेतला. मिक्सरचा खोका. चव गोडसर, सपाट, सादळलेल्या शेवेसारखी. पोटाला बाधणारी नाही. बिअरमधलं अल्कोहोल, आंबटपणा आणि हॉप्स मिळून रोगजंतूंना वाढू देत नाहीत. तिला खराब म्हणता येणार नाही, शिळी म्हणावं लागेल.

थोडी मी बोंबलाच्या पिठात घातली. कुरकुरीतपणाला बुडबुडे लागतात, ते नव्हतेच, पण रंग बरा आला. उरलेली बशीत घालून रात्री कुंड्यांमध्ये ठेवली. पावसाळ्यातल्या बिनशंखाच्या गोगलगायींना यीस्टचा वास फार आवडतो. सकाळी बशीत पाच होत्या.

[दृश्य: ओटा. बाटली गरम पाण्याने विसळली जाते. साबण नाही. उलटी, झाकणाशिवाय.]

बाटली लगेच धुवावी, नाहीतर तळाचा यीस्टचा साका वाळून चिकटतो. साबणाचा अंश काचेला राहिला तर पुढच्या खेपेला फेस धरत नाही. झाकण वेगळं वाळवायचं.

आईने बाटली उचलून उजेडात धरली, झाकण लावून बघितलं, पुन्हा काढलं.

"ही परत द्यायची असते का रे?"

"परत नेली की त्यातच भरून देतात."

"दोन तू ने," ती म्हणाली. "एक राहू दे. कोकमाच्या आगळाला बरी आहे."