भांडं इतक्यात उतरवू नका

नमस्कार मंडळी,

मघाशी मराठी शाळेतल्या एका चिमुरडीने विचारलं, "हमिंगबर्डच्या पिल्लाला मेक्सिकोची वाट कोण दाखवतं?" कुणीच दाखवत नाही! आपल्या न्यू जर्सीत उन्हाळ्यात राहणारा हमिंगबर्ड म्हणजे रुबी-थ्रोटेड. नराचा गळा माणकासारखा लाल. ऑगस्ट लागला की हे नर निघू लागतात, मागोमाग माद्या. यंदा जन्मलेली पिल्लं बहुतेक शेवटी जातात, आणि तीही एकेकटी. थवा नाही, आईबापांची सोबत नाही. जायचं मात्र थेट दक्षिण मेक्सिको नाहीतर मध्य अमेरिकेत.

एरवी याचं वजन जेमतेम ३ ग्रॅम. प्रवासाआधी चरबी साठवून ते जवळजवळ दुप्पट होतं, कारण वाटेत मेक्सिकोचं आखात आहे. काही पक्षी किनाऱ्याने वळसा घेतात, तर काही सुमारे ८०० किलोमीटर पाणी न थांबता ओलांडतात.

आपल्या आरत्या सुरू असतात त्याच सुमारास यांची वर्दळ सर्वांत जास्त असते. आणि नेमकं तेव्हाच आपण फीडर, म्हणजे यांच्यासाठी साखरेचा पाक भरून टांगलेलं भांडं, उतरवतो! का, तर म्हणे पक्षी खायच्या आशेने अडकून पडतील आणि थंडीत मरतील. तसं होत नाही. दिवस लहान होऊ लागला की त्यांचं शरीरच त्यांना निघायला लावतं. शेवटचा पक्षी दिसल्यावर आणखी दोन आठवडे फीडर राहू द्या. उशिरा निघालेलं पिल्लू तेवढ्यात येऊन जाईल.

पाक अगदी सोपा आहे: एक वाटी पांढरी साखर, चार वाट्या पाणी. विरघळवा, पूर्ण गार करा, मगच भरा. उरलेला फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतो. गूळ मायेने घालाल, पण त्यातलं लोह या पक्ष्याला सोसत नाही. मधाच्या पाण्यात बुरशी लवकर धरते. खायचा लाल रंग तर नकोच, फीडरचा लाल भाग त्याला पुरेसा दिसतो. पाक दर दोन-तीन दिवसांनी बदला, पारा नव्वदीत (फॅरनहाइट) गेला तर रोज. गढूळ दिसला की फेका, आणि भोकांच्या आतून बारीक ब्रश फिरवा, काळी बुरशी तिथेच बसते. मुंग्या चढू नयेत म्हणून फीडरच्या वर पाण्याची वाटी टांगा. आकड्याला तेल किंवा व्हॅसलीन लावू नका, ते पिसांना चिकटलं तर उडणं कठीण होतं. एक पक्षी बाकीच्यांना हुसकावत असेल तर एका मोठ्या फीडरऐवजी दोन लहान लावा, एकावरून दुसरा दिसणार नाही असे.

नुसत्या साखरेवर मात्र हा पक्षी जगत नाही. त्याला प्रथिनं मिळतात बारीक किडे आणि कोळी खाऊन. घरट्यालाही कोळ्याचंच जाळं लागतं. आणि आपण? शेजाऱ्याच्या लॉनशी बरोबरी करण्यापायी सगळ्या आवारावर कीटकनाशक मारून घेतो. त्या चिमुरडीने वाट विचारली, मला वाटेवरच्या खाण्याची काळजी आहे. कार्डिनल फ्लॉवर, बी बाम, कोरल हनीसकल ही याला फुलांतला रस देणारी इथलीच झाडं. कुंपणालगत चार लावायला कुणाची ना नसते. पण पुढच्या एप्रिलअखेरीस हे पक्षी परत येतील, तोवर फवारणीचं कंत्राट रद्द करायला या सभागृहातली किती घरं तयार आहेत?