जिनिव्हाची खुर्ची आणि वचननामा

मंडळी, पंचायतीच्या निवडणुकीत मतं कशी जुळवतात, हे फोंड्यातल्या माणसांना मी सांगायला नको. आज बोलायचंय ते संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार परिषदेच्या निवडणुकीबद्दल. ऑक्टोबर २०२५ मध्ये भारत तिथे सातव्यांदा निवडून आला, २०२६ ते २०२८ या मुदतीसाठी. आपल्याकडे त्याची बातमी आली आणि गेली. तयारी मात्र फार आधीपासून चाललेली असते.

जिनिव्हात भरणारी ही परिषद २००६ सालची. जागा ४७, त्यातल्या १३ आशिया-प्रशांत गटाच्या. मुदत तीन वर्षं, आणि सलग दोन खेपांनंतर सुट्टी घ्यावीच लागते. मतदान महासभेत, गुप्त. १९३ देशांपैकी किमान ९७ मतं हवीत.

उमेदवारी ठरली की न्यूयॉर्कमधले आपले राजनैतिक अधिकारी कामाला लागतात. सगळ्या देशांना पत्रं जातात, गाठीभेटी होतात, आणि खरा व्यवहार होतो तो देवाणघेवाणीचा: या परिषदेवर तुम्ही आम्हाला मत द्या, त्या समितीवर आम्ही तुम्हाला देऊ. त्यात मानवाधिकारांचा विषय किती वेळा निघत असेल, याची कल्पना तुम्हीच करा. पुष्कळदा गटातले देश आपसात ठरवून जागा तेवढेच उमेदवार उभे करतात. आपल्या वाड्यावर पंच बिनविरोध येतो, तसंच. फरक एवढाच, की तिथे बिनविरोध उमेदवारालाही ९७ मतं मिळवावीच लागतात.

चुरस झाली की मात्र मोठमोठे पडतात. २०१६ मध्ये रशिया दोन मतांनी पडला. क्रोएशियाला ११४, रशियाला ११२. २०२४ मध्ये सौदी अरेबियाला ११७ मतं पडली, म्हणजे ९७ च्या वर, तरीही जागा गेली. कुणाकडे? मार्शल बेटांकडे! आपल्या गोव्याहूनही कितीतरी लहान देश. मला विचाराल तर प्रत्येक गटात एक तरी जादा उमेदवार उभा राहायलाच हवा.

या सगळ्या धावपळीत एक कागद तयार होतो, त्याकडे मला तुमचं लक्ष वेधायचंय. उमेदवार देश स्वेच्छेने लेखी वचनं देतो, आणि मत देताना ती विचारात घ्यावीत असं परिषद स्थापन करणाऱ्या ठरावातच म्हटलंय. बंधन काही नाही. पण देशाने स्वतःच्या सहीने लिहून दिलेलं असतं.

कागदावर देश काय लिहितो याचा चटका आपण गोंयकारांनी खाल्लाय. १९५५ मध्ये पोर्तुगाल संयुक्त राष्ट्रांत गेला. तुमच्या ताब्यात स्वयंशासन नसलेले प्रदेश आहेत का, असं विचारल्यावर तिथला हुकूमशहा सालाझार याच्या सरकारचं उत्तर होतं, एकही नाही. कारण १९५१ मध्येच त्यांनी घटना बदलून वसाहतींना ‘सागरपार प्रांत’ करून टाकलं होतं. आणि इथे मडगावात तर १९४६ मध्ये लोहियांना साधं भाषण करू दिलं नव्हतं! शेवटी १५ डिसेंबर १९६० रोजी महासभेने ठराव करून त्या प्रदेशांची यादीच दिली. त्यात गोव्याचं नाव होतं. या प्रदेशांची माहिती संयुक्त राष्ट्रांना द्या, असं ठरावाने बजावलं होतं; पोर्तुगालने ती दिली नाहीच. पण ‘एकही नाही’ हे उत्तर त्या दिवसानंतर खोटं म्हणून नोंदलं गेलं.

आता आपल्याच देशाकडे याच नजरेने बघू. संयुक्त राष्ट्रांच्या छळविरोधी करारावर भारताने १९९७ मध्ये सही केली. पण नुसती सही पुरत नाही, देशाने करार मंजूर केला तरच तो बंधनकारक होतो. परिषदेत दर काही वर्षांनी प्रत्येक देशाचा आढावा होतो, तिथे करार मंजूर करण्याची शिफारस आपण मान्यही केली. २०१० मध्ये लोकसभेने त्यासाठीचं छळविरोधी विधेयक संमत केलं, राज्यसभेने ते प्रवर समितीकडे पाठवलं, आणि २०१४ मध्ये लोकसभा विसर्जित झाल्यावर ते बाद झालं. २०१७ मध्ये विधी आयोगाने नवा मसुदासुद्धा लिहून दिला. करार अजून मंजूर झालेला नाही. पुढच्या उमेदवारीचा कागद लिहायला बसणाऱ्या अधिकाऱ्याला हे वाक्य कुठे बसवायचं, हा प्रश्न पडणार आहे. तोवर लोकसभेतल्या आपल्या दोन्ही खासदारांना तो विचारायला काय हरकत आहे?