उतारावरची खुर्ची

(पडदा काळा. चाकांचा आवाज. आधी हळू, मग वेगात.)

उतारावर सुटलेल्या व्हीलचेअरचा हा आवाज. गाव ओसाका. खुर्चीत एक मुलगी आहे आणि खाली रस्त्यावर एक कॉलेजचा पोरगा. तो मध्ये पडतो, दोघं आदळतात, मुलगी वाचते. आता ती त्याचे आभार मानेल, असं तुम्हाला वाटलं ना? आभार राहिले बाजूला, ती त्याच्यावरच डाफरते.

‘जोसे, वाघ आणि मासे’ या जपानी अ‍ॅनिमेशनपटातल्या प्रेमाला तोंड फुटतं ते असं. दिग्दर्शक कोतारो तामुरा, स्टुडिओ बोन्झ, लांबी ९८ मिनिटं. २०२० च्या ऑक्टोबरात दक्षिण कोरियातल्या बुसान चित्रपट महोत्सवाचा पडदा याच चित्रपटाने पडला, आणि त्याच वर्षी नाताळच्या दिवशी तो जपानमधल्या थिएटरांत लागला.

(घराचं दार. आत अंधार, भिंतीवर माशांची चित्रं.)

मुलीचं खरं नाव कुमिको. पण तिने फ्रान्स्वाज सागाँ या फ्रेंच लेखिकेच्या कादंबऱ्या वाचल्या, त्यातली नायिका जोसे तिला आवडली आणि तिने ते नाव स्वतःला लावून घेतलं. आजी आणि ती, दोघीच. बाहेर वाघ आहेत, असं म्हणत आजीने तिला घरातच वाढवलंय. फिरायला न्यायचं तेही शक्यतो कुणाच्या नजरेला पडणार नाही अशा बेताने. आजी वाईट नाही हो. घाबरलेली आहे. आपल्याकडेही अशा आज्या घरोघरी सापडतील.

जोसेचे पाय चालत नाहीत. घरात ती हातांच्या जोरावर सरकते. इथे जरा थांबू या. खऱ्या नटीने ही भूमिका केली, की ‘कट’ झाल्यावर ती उठून चालणार, हे आपल्या मनात कुठेतरी असतंच. चितारलेली जोसे उठत नाही. जमिनीवर टेकलेला तळहात, मागून ओढत येणारे पाय, हे सगळं कुणीतरी चौकटीमागून चौकट बसून काढलंय. आणि तिचे पाय हलतात ते तिच्या कल्पनेत: खोलीत समुद्र शिरतो, भिंतीवरचे मासे सुटतात आणि ती त्यांच्यात पोहू लागते.

तो पोरगा म्हणजे त्सुनेओ. समुद्री जीवशास्त्र शिकतोय, डायव्हिंगच्या दुकानात काम करतोय. त्याला जायचंय मेक्सिकोला, क्लॅरियन एंजलफिश नावाचा नारिंगी मासा त्याच्या स्वतःच्या पाण्यात बघायला. त्यासाठी पैसे हवेत. आजी म्हणते, माझ्या नातीकडे लक्ष दे, पगार देते. म्हणजे बघा, तो येतो तो कळवळ्याने नव्हे, पगारासाठी. आणि मला या गोष्टीतलं सगळ्यात प्रामाणिक काही वाटत असेल, तर हेच. जोसेही मालकिणीच्या तोऱ्यात त्याला उलटसुलट कामं सांगते, ठसक्यात, ओसाकाच्या बोलीत. आपल्याकडच्या पडद्यावर अपंग नायिका म्हटली की एक तर ती सोसत राहणार, नाहीतर शेवटच्या रिळात ऑपरेशन होऊन चालू लागणार. जोसे यांतलं काहीच करत नाही. ती भांडते.

(वाळू. लाटा.)

एक दिवस ती समुद्राला जायचा हट्ट धरते. कशासाठी? पाणी खरंच खारट असतं का, ते चाखून बघायचंय. वाळूत चाकं चालत नाहीत, मग ती खुर्ची सोडते. चोवीस वर्षांची बाई समुद्राची चव घ्यायला वाळूवर सरकत निघालीय, आणि हे बघताना आपल्याला तिची कीव येत नाही. आपल्यालाही पाण्यात जावंसं वाटतं.

पुढे आजी जाते. पगार द्यायला पैसे उरत नाहीत. जोसेला चित्रं काढायची असतात, पण चित्रं काढून पोट भरत नाही, हे सांगणारी माणसं दारात येतात. धडधाकट माणसाला हे कळायचं नाही, असं जोसे त्सुनेओला सुनावते. आणि मग लेखक मंडळी काय करतात? जोसेला वाचवताना त्सुनेओलाच गाडीची धडक बसते, पाय जायबंदी, मेक्सिको अधांतरी. ही सोय मला खटकते. दुसऱ्याचं दुखणं कळायला स्वतःचं हाड मोडायलाच हवं का? पण त्यानंतरचा प्रसंग मात्र सगळं सावरून घेतो. जोसे त्याच्यासाठी चित्रांची गोष्ट रचते, जलपरीची, आणि ग्रंथालयात मुलांपुढे ती वाचते. आतापर्यंत तिच्याकडे लक्ष ठेवणारा तो. आता तो मुकाट्याने ऐकतोय.

मूळ कथा सेइको तानाबे यांची, १९८४ सालची. तानाबे ओसाकाच्याच, त्या गेल्या २०१९ मध्ये, हा चित्रपट यायच्या आदल्या वर्षी. त्यांच्या कथेत दोघं लग्न न करता एकत्र राहतात आणि जोसेला तो आनंद मरणासारखा पूर्ण वाटतो. २००३ च्या चित्रपटात, खरे नट असलेल्या, तो तिला सोडून जातो आणि ती विजेवर चालणाऱ्या व्हीलचेअरवर एकटी बाजाराला निघते. तो शेवट अधिक खरा, असं म्हणणारे बरेच आहेत. मीही म्हणायचे.

(बर्फ. पुन्हा चाकांचा आवाज.)

अ‍ॅनिमेशनपट मात्र आपल्याला पुन्हा उतारावर आणतो. खुर्ची सुटते, जोसे हवेत फेकली जाते. खाली त्सुनेओ, नुकत्याच बऱ्या झालेल्या पायावर धावत सुटलेला.