खाणीत मोबाइल का चालत नाही आणि मग खाली माणसं बोलतात कशी?

नमस्कार मंडळी! आपलं पुण्यातलं सिव्हिल कोर्टचं भुयारी मेट्रो स्टेशन आहे ना, ते रस्त्यापासून साधारण 33 मीटर खाली आहे आणि तिथे दोन मिनिटं रेंज गेली तरी आपली चिडचिड होते. आता 33 च्या जागी 300 मीटर धरा, चारी बाजूंनी कोळसा, आणि हवेत मिथेन.

तिथे तुमचा फोन न्यायलाच मनाई. हवेत मिथेन 5 ते 15 टक्क्यांच्या मधे आला की बारीकशी ठिणगीसुद्धा पुरते, त्यामुळे विडी-काडेपेटीसारखा मोबाइलही वरच ठेवायचा. गॅसच्या जागी जो रेडिओ, जो टेलिफोन, जो कॅप लॅम्प (हेल्मेटवरचा दिवा) जातो तो 'इन्ट्रिन्सिकली सेफ' लागतो, म्हणजे वायर तुटली, सर्किट शॉर्ट झालं तरी गॅस पेटेल एवढी एनर्जी त्यातनं निघताच कामा नये. आपल्याकडे यावर नजर ठेवतं डीजीएमएस, म्हणजे केंद्राचं खाण-सुरक्षा खातं, मुख्य ऑफिस धनबादला, आणि कोळशासाठी 2017 चे कोल माइन्स रेग्युलेशन्स आहेत.

बरं, सेफ रेडिओ घेतला तरी खडक सिग्नल गिळतो. वॉकीटॉकी सरळ गॅलरीत, म्हणजे खाणीतल्या बोगद्यात, चालेल, दोन वळणं घेतली की गप्प. म्हणून लीकी फीडर वापरतात, ही एक टीव्हीच्या केबलसारखी कोअ‍ॅक्सिअल केबल असते पण तिच्या वरच्या जाळीला मुद्दाम फटी ठेवलेल्या असतात, ठिबकच्या नळीतनं जसं जागोजागी पाणी झिरपतं तसा सिग्नल झिरपत जातो, आणि मधे मधे अ‍ॅम्प्लिफायर. रोजच्या कामाला झकास! पण ज्या दिवशी स्फोट होतो किंवा छत बसतं त्या दिवशी हीच केबल तुटते, आणि माझ्या मते खरी परीक्षा त्याच दिवशीची.

2 जानेवारी 2006, अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातली सॅगो खाण. स्फोटात फोनची लाइन गेली. आत अडकलेल्यांनी पडदा लावून आडोसा केला आणि छताच्या बोल्टवर हातोड्यानं ठोकत राहिले, वर कोणाला ऐकूच गेलं नाही. 40 तासांहून जास्त वेळानं टीम पोचली, निरोप तोंडातोंडी वर आला आणि येता येता उलटा झाला, बाराजण जिवंत आहेत असं घरच्यांना कळलं, लोकांनी आनंद केला, आणि जवळपास तीन तासांनी सांगितलं की जिवंत एकच आहे, बाराजण गेले.

त्याच वर्षी जूनमध्ये तिकडे खाणकामगारांच्या सुरक्षेचा 'मायनर अ‍ॅक्ट' आला. तीन वर्षांत दुतर्फा वायरलेस आणि माणूस कुठे आहे ते दाखवणारं ट्रॅकिंग बसवा. आता गंमत बघा, कायद्यानं वायरलेस मागितलं पण खडकातनं आरपार जाणारं तसं काही बाजारात तयारच नव्हतं, मग 2009 च्या जानेवारीत तिथल्या एमएसएचएनं, म्हणजे सरकारी खाण-सुरक्षा खात्यानं, मान्य केलं की पूर्ण वायरलेस अजून जमत नाही, तोवर थोडी केबल असलेली सिस्टिमही चालेल. काहीजण याला पळवाट म्हणतात, मला तसं वाटत नाही, नसलेल्या यंत्राची वाट बघत बसण्यापेक्षा हे बरं.

खडक भेदता येतो, पण फ्रिक्वेन्सी खूप खाली आणावी लागते, काही शे ते काही हजार हर्ट्झ. ऑस्ट्रेलियातली पीईडी सिस्टिम असाच मेसेज पाठवते, कॅप लॅम्प लुकलुकतो आणि कमरेच्या बॅटरीवर मजकूर येतो. 1998 ला युटातल्या विलो क्रीक खाणीत आग लागली तेव्हा अशाच मेसेजनं माणसं वेळेत बाहेर आली. अडचण एवढीच की ते एकतर्फी, खालचा माणूस उत्तर देऊ शकत नाही. दुतर्फा सेट आता आहेत, पण अँटेनाचा वेटोळा भला मोठा आणि मेसेज जाणार मुंगीच्या पावलानं.

त्यामुळे कोणी सांगितलं ना की 'आमच्या खाणीत आता वाय-फाय आहे', तर मी आधी विचारीन, केबल कुठल्या गॅलरीतनं नेलीय, आणि ती तुटली तर दुसरी केबल वेगळ्या गॅलरीतनं नेलीय का.