सकर्मक क्रियापद आणि ट्रान्झिटिव्ह संबंध

'ट्रान्झिटिव्ह' म्हटलं की भाषेच्या विद्यार्थ्याला सकर्मक क्रियापद आठवतं आणि गणिताच्या विद्यार्थ्याला अ, ब, क ही तीन अक्षरं. दोन्हीकडे काहीतरी पलीकडे जातं, एवढं खरं. व्याकरणात क्रिया कर्त्याकडून कर्माकडे जाते. गणितात संबंध मधल्याला ओलांडून तिसऱ्यापर्यंत पोचतो. साम्य इथेच संपतं. एकीकडची कसोटी दुसरीकडे लावली तर काय होतं, ते आज पाहू.

आधी व्याकरण. शाळेतली युक्ती सगळ्यांना पाठ असते: क्रियापदाला 'काय?' किंवा 'कोणाला?' विचारा, उत्तर आलं की सकर्मक. आता 'ती डॉक्टर झाली' हे वाक्य घ्या. काय झाली? डॉक्टर. उत्तर आलं, पण 'होणे' काही सकर्मक नाही. 'डॉक्टर' हे तिथे विधानपूरक आहे, कर्म नव्हे. मराठीत याहून भरवशाची खूण भूतकाळात सापडते. ती झोपली, ती हसली, ती पडली. पण तिने आंबा खाल्ला, तिने पोळी खाल्ली, तिने केळं खाल्लं. कर्त्याला 'ने' लागला आणि क्रियापदाने कर्त्याला सोडून कर्माचं लिंगवचन धरलं. हा कर्मणी प्रयोग. 'मी' आणि 'तू' यांना 'ने' लागलेला दिसत नाही, तरी बोलणारा पुरुष असो की बाई, 'मी पोळी खाल्ली' असंच म्हणणार. म्हणजे नियम तिथेही लागू आहेच. कर्माला 'ला' लागला की क्रियापद त्यालाही सोडून देतं: तिने मुलीला पाहिलं, तिने मुलांना पाहिलं. हा भावे प्रयोग; क्रियापद मात्र सकर्मकच.

ही खूणही सगळीकडे चालत नाही. 'ती साडी नेसली', 'तो संस्कृत शिकला', 'ती नाव विसरली' यांत कर्म आहे, 'ने' नाही. इथे क्रियेचा परिणाम कर्त्यावरच होतो म्हणून ही क्रियापदं अकर्मकासारखी वागतात, असं स्पष्टीकरण देता येतं. ते अर्धंच पटतं, कारण खाण्याचा परिणामही खाणाऱ्यावरच होतो आणि 'खाणे' मात्र बिनदिक्कत 'ने' घेतं. मग 'मोडणे'सारखी उभयविध क्रियापदं आहेतच: 'खुर्ची मोडली' अकर्मक, 'त्याने खुर्ची मोडली' सकर्मक. नुसत्या धातूवरून निकाल देता येत नाही, वाक्य समोर लागतं.

पॉल हॉपर आणि सँड्रा थॉम्पसन या भाषावैज्ञानिकांनी १९८० मध्ये सकर्मकतेचे दहा निकष मांडले. क्रिया पूर्ण झाली का, कर्त्याने ती जाणूनबुजून केली का, कर्मावर कितपत परिणाम झाला, अशा स्वरूपाचे. त्यांच्या मते सकर्मकता ही कमी-जास्त असणारी गोष्ट आहे. मराठी त्याला दुजोरा देते: 'ती आंबा खाते' कर्तरी, 'तिने आंबा खाल्ला' कर्मणी. क्रिया पुरी झाली आणि वाक्याची ठेवणच बदलली.

गणितात असं कमी-जास्त काही नसतं. अ चा ब शी संबंध आहे आणि ब चा क शी तोच संबंध आहे. असं जिथे जिथे असेल तिथे अ चा क शीही तो असलाच पाहिजे. तरच तो संबंध ट्रान्झिटिव्ह, ज्याला संक्रामक असंही म्हणतात. एक त्रिकूट चुकलं की संपलं.

आता 'पराभव करणे' या अर्थाचं 'हरवणे' घ्या. अस्सल सकर्मक क्रियापद. पण कबड्डीत पहिल्या संघाने दुसऱ्याला आणि दुसऱ्याने तिसऱ्याला हरवलं, म्हणून पहिला तिसऱ्याला हरवेलच असं नाही. साखळी स्पर्धेत गुणतक्ता लागतो तो म्हणूनच. उलट 'अ हा ब पेक्षा उंच आहे' यातलं 'असणे' पक्कं अकर्मक, आणि संबंध मात्र पक्का ट्रान्झिटिव्ह.

तपासताना चुका ठरावीक जागी होतात. पहिली: अ, ब, क वेगवेगळेच असावेत असं गृहीत धरणं. 'भाऊ असणे' हा संबंध बघा. राम लक्ष्मणाचा भाऊ, लक्ष्मण रामाचा भाऊ. नियम लावला तर राम रामाचाच भाऊ ठरायला हवा. तो ठरत नाही, म्हणून संबंध ट्रान्झिटिव्ह नाही. दुसरी चूक याच्या उलट: संबंधात (१,२) ही एकच जोडी असेल, म्हणजे फक्त १ चा २ शी संबंध असेल, तर 'साखळीच नाही, मग ट्रान्झिटिव्ह कसा?' असं म्हणणं. साखळी नाही म्हणजे नियम मोडायला जागाच नाही, तो ट्रान्झिटिव्हच.

१ आणि २ एवढेच घटक घेऊन हे हाताने मोजता येतं. शक्य जोड्या चार: (१,१), (१,२), (२,१), (२,२). प्रत्येक जोडी घ्यायची किंवा सोडायची, म्हणजे एकूण १६ संबंध. नियम मोडायचा तर (१,२) आणि (२,१) दोन्ही हव्यात आणि (१,१), (२,२) यांपैकी निदान एक गायब हवी. असे प्रकार तीनच. उरले १३ ट्रान्झिटिव्ह. घटक तीन केले की ५१२ पैकी १७१ उरतात, आणि चारला ६५,५३६ पैकी ३,९९४. घटक वाढतात तसं टिकणं झपाट्याने दुर्मीळ होतं.

पण ट्रान्झिटिव्ह वाटणारा संबंध तसा नसतो, हे फाशांइतकं स्पष्ट कुठेच दिसत नाही. तीन फासे घ्या, प्रत्येक आकडा दोन बाजूंवर. पहिल्यावर २, ४, ९. दुसऱ्यावर १, ६, ८. तिसऱ्यावर ३, ५, ७. सरासरी तिन्हींची ५. पहिला दुसऱ्याशी खेळवा: २ आणि ४ फक्त १ ला हरवतात, ९ तिघांनाही, नऊपैकी पाच वेळा पहिला जिंकतो. दुसरा तिसऱ्याला नऊपैकी पाच वेळा हरवतो. आणि तिसरा पहिल्याला? तिथेही पाच वेळा! 'सर्वांत चांगला फासा' असा नाहीच. प्रतिस्पर्ध्याला आधी निवडू द्यावं, म्हणजे झालं.

व्यवहारात नडतो तो 'जवळजवळ सारखा' हा संबंध. फरक १ मिलिमीटरपेक्षा जास्त नसेल तर दोन मापं सारखी, असं ठरवलं समजा. १०.० आणि १०.८ सारखी, १०.८ आणि ११.६ सारखी, पण १०.० आणि ११.६ मध्ये १.६ चा फरक. हीच तुलना संगणकाच्या क्रमवारीत घातली, की तुलना ट्रान्झिटिव्ह असेल हे क्रमवारीच्या पद्धतीला मिळालेलं आश्वासन खोटं ठरतं. तीच मापं वेगळ्या क्रमाने दिली तर उत्तर वेगळं येतं. जावा या संगणकभाषेत तर तुलनेचा करार मोडल्याची तक्रार करून प्रोग्रॅम कधीकधी मध्येच बंद पडतो. कधीकधीच, म्हणून चूक शोधायला जास्त त्रास. उपाय म्हणजे आधी प्रत्येक माप जवळच्या पूर्णांकात बसवायचं आणि मग तुलना करायची. आता संबंध ट्रान्झिटिव्ह होतो, पण १०.४ आणि १०.६ वेगळ्या गटांत जातात आणि १०.६ व ११.४ एका गटात येतात. ते चालणार नसेल तर मापं जशीच्या तशी क्रमाने लावावीत आणि 'जवळजवळ सारखी' कोणती, ते क्रम लागल्यावर शेजारच्या मापांत बघावं.