गुच्छ येतात, गुच्छ विरतात

मे महिन्यात रात्री दहाच्या सुमारास कोकणातल्या एखाद्या अंधाऱ्या किनाऱ्यावरून दक्षिणेकडे बघा, क्षितिजाच्या थोडं वर, नरतुरंगात एक धूसर ठिपका दिसतो. तो एक तारा नाहीये, जवळपास १ कोटी तारे आहेत तिथे, १७ हजार प्रकाशवर्षं लांब. ओमेगा सेंटॉरी. आपल्या आकाशगंगेतला सगळ्यात मोठा ग्लोब्युलर क्लस्टर, म्हणजे गोलाकार तारकागुच्छ.

असे दीडशेच्या वर गुच्छ आपल्याकडे माहीत आहेत, बहुतेकांचं वय १० ते १३ अब्ज वर्षं. इतके जुने म्हटल्यावर वाटतं, की सुरुवातीपासून हे असेच आहेत. पण तसं नाहीये, आज दिसतात ते फक्त टिकलेले.

गुच्छात तारे एकमेकांना सतत ओढत असतात, त्यात हलक्या ताऱ्यांचा वेग वाढत जातो आणि एकेक करून ते निसटतात, पाणी वाफ होऊन उडावं तसे. त्यात गुच्छ आकाशगंगेच्या तबकडीतून आरपार गेला की दर वेळी एक हिसका बसतो. छोटे, सैल गुच्छ यात संपतातच.

पालोमार ५ बघा. २००१ मध्ये कळलं की याच्या दोन्ही बाजूंनी ताऱ्यांच्या शेपट्या निघाल्यात, आणि मग मोजलं तर गुच्छात उरलेत त्यापेक्षा जास्त तारे शेपट्यांमध्ये! एक अख्खा गुच्छ आपल्यासमोर उसवतोय, मला तर हे बघून दरवेळी गलबलून येतं.

आता दुसरी बाजू, नवे गुच्छ येतात कुठून? बाहेरून. आकाशगंगेने लहान दीर्घिका, म्हणजे तिच्यासारख्याच पण छोट्या तारकानगऱ्या, गिळल्या, त्यांचे गुच्छ आपले झाले. २०१८ मध्ये ताऱ्यांच्या जागा आणि वेग मोजणाऱ्या गाया यानाच्या मोजमापांतून अशा एका मोठ्या टकरीचा पत्ता लागला, साधारण १० अब्ज वर्षांपूर्वीची, आणि तिच्याबरोबर बरेच गुच्छ इकडे आले. ओमेगा सेंटॉरीत तर वेगवेगळ्या पिढ्यांचे तारे सापडतात, त्यामुळे बऱ्याच खगोलशास्त्रज्ञांना वाटतं की तो अशाच एखाद्या गिळलेल्या दीर्घिकेचा गाभा असावा, बाकीचं शरीर केव्हाच गेलं.

आणि हे थांबलेलं नाही. फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ मेसियेने १७७८ मध्ये धनु राशीत एम ५४ हा गुच्छ नोंदवला, सगळ्यांनी तो आपलाच धरला. १९९४ मध्ये त्याच दिशेला धनु बटू दीर्घिका सापडली, एम ५४ तिच्या बरोबर मध्यभागी. ती दीर्घिका आत्ता, या क्षणीही फाटत फाटत आपल्यात मिसळतेय, आणि तिचे गुच्छ एकेक करून आपल्या यादीत येतायत.